ॲरिस्टोफेनिसने नेत्याची खिल्ली उडवली, नेता निवडून आला. सॉक्रेटिसची उडवली, ती मात्र जिवाशी आली

इ.स.पू. ४२४ चा हिवाळा. ग्रीसमधल्या अथेन्स शहरात नाटकांची स्पर्धा सुरू होती. हजारो लोक जमले होते. पहिल्या रांगेत बसायचा मान ज्या मोजक्या लोकांना होता, त्यात शहरातला त्यावेळचा सगळ्यात वजनदार नेता क्लिऑन होता.

आणि रंगमंचावर जे नाटक सुरू होतं, त्यातला चोर, लबाड, आरडाओरडा करणारा नोकर म्हणजे हाच क्लिऑन होता.

नाव बदललं होतं, पण पहिल्या काही मिनिटांतच सगळ्यांनी ओळखलं. क्लिऑनच्या घरचा धंदा कातडी कमावण्याचा, त्यामुळे चामड्याच्या वासावरून विनोद. क्लिऑनचा आवाज मोठा, त्यामुळे त्यावरून विनोद. हे सगळं देशात युद्ध सुरू असताना आणि तो माणूस लोकप्रियतेच्या शिखरावर असताना.

नाटक लिहिणारा पोरगा होता साधारण बावीस वर्षांचा. त्याचं नाव ॲरिस्टोफेनिस.

आज राजकीय मीम, स्टँडअप आणि त्यावरून होणारे गुन्हे हे सगळं आपल्याला नव्या जमान्याचं वाटतं. पण एखाद्या जोकमध्ये नेमकी किती ताकद असते, तो कुणाचं वाकडं करू शकतो आणि कुणाचं नाही, या प्रश्नाशी हा माणूस जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी आयुष्यभर झगडत होता. आणि त्याला मिळालेलं उत्तर फार विचित्र होतं.

ॲरिस्टोफेनिसचा जन्म इ.स.पू. ४४६ च्या सुमारास अथेन्समध्ये झाला. बापाचं नाव फिलिपोस. त्याचा वॉर्ड होता कायडाथेनायॉन. गंमत म्हणजे क्लिऑनसुद्धा याच वॉर्डातला. म्हणजे पुढे ज्याच्याशी हाडवैर झालं, तो गडी त्याच्याच गल्लीतला म्हणायला हरकत नाही.

तो पोरवयात असताना अथेन्स वैभवात होतं. पेरिक्लिससारखा नेता होता, ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर पार्थेनॉनचं मंदिर उभं राहत होतं. पण इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टासोबत युद्ध पेटलं. स्पार्टाची फौज दरवर्षी येऊन शेतं जाळायची. खेड्यातले शेतकरी घरदार सोडून शहराच्या तटबंदीच्या आत येऊन राहिले. त्या गर्दीत साथ पसरली आणि माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. इ.स.पू. ४२९ मध्ये पेरिक्लिसही गेला. त्यानंतर जे नेते पुढे आले, त्यात क्लिऑन सगळ्यात आक्रमक होता.

म्हणजे ॲरिस्टोफेनिसचं तारुण्य गेलं ते युद्ध, साथ आणि रणशिंग फुंकणाऱ्या भाषणांत. त्याने विनोद निवडला तो या काळात.

आता त्या काळात विनोद म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यायला पाहिजे.

अथेन्समध्ये विनोदी नाटक हा सरकारी कार्यक्रम होता. डायोनिसस या मद्याच्या देवाच्या उत्सवात नाटकांची स्पर्धा व्हायची. मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या मोठ्या डायोनिसिया उत्सवात इ.स.पू. ४८६ पासून विनोदी नाटकांना अधिकृत जागा मिळाली होती. हिवाळ्यात लेनाया नावाचा छोटा उत्सव असायचा, तिथेही स्पर्धा व्हायची. नाटकाच्या कोरसचा खर्च शहरातल्या एखाद्या श्रीमंत माणसावर टाकला जायचा. परीक्षक असायचे, नंबर काढले जायचे.

रंगमंचावर सगळे पुरुषच. तोंडावर मुखवटे, पोटाला आणि पार्श्वभागाला कापडाच्या गाद्या बांधलेल्या. २४ जणांचा कोरस कधी बेडूक होऊन यायचा, कधी गांधीलमाशा, कधी ढग. चावट विनोद भरपूर. आणि नाटकाच्या मध्यावर कथा थांबायची, कोरस पुढे यायचा आणि थेट प्रेक्षकांशी बोलायचा. नाटककार त्यांच्या तोंडून नेत्यांना, प्रतिस्पर्ध्यांना आणि खुद्द प्रेक्षकांनाही चार शब्द सुनवायचा. नावं घेऊन टिंगल करायची मुभा होती.

पण मुभा असली तरी तिला सीमा होत्या. हे ॲरिस्टोफेनिसला लवकरच कळलं.

त्याचं पहिलं नाटक इ.स.पू. ४२७ मध्ये आलं. वय इतकं लहान की नाटक बसवायची जबाबदारी कॅलिस्ट्रॅटस या दुसऱ्या माणसाने घेतली. दुसरा नंबर आला. पुढच्याच वर्षी त्याने 'बॅबिलोनियन्स' हे नाटक आणलं. ते आज उपलब्ध नाही, पण त्यात अथेन्स आपल्या मित्र शहरांना कसं वागवतं, यावर टीका होती.

हे नाटक झालं मोठ्या डायोनिसियात. लोचा इथेच झाला. वसंत ऋतूत समुद्र खुला व्हायचा आणि मित्र शहरांचे लोक आपली वार्षिक खंडणी घेऊन याच उत्सवाला अथेन्समध्ये यायचे. म्हणजे ज्यांच्याकडून पैसे वसूल करायचे, त्यांच्यासमोरच अथेन्सच्या नेत्यांची लक्तरं टांगली गेली.

क्लिऑन भडकला. परदेशी पाहुण्यांसमोर शहराची बदनामी केली असा आरोप ठेवून त्याने प्रकरण पाचशे सदस्यांच्या सभेपुढे नेलं. विशीतल्या पोराला शहरातल्या सगळ्यात ताकदवान नेत्याने खेचून नेलं. पण तो त्यातून सुटला, कारण पुढच्याच हिवाळ्यात तो नवं नाटक घेऊन हजर होता.

हे नाटक म्हणजे 'अकार्नियन्स', साल इ.स.पू. ४२५. यात एक साधा शेतकरी आहे. युद्धाला कंटाळून तो स्पार्टासोबत स्वतःच्या घरापुरता खासगी तह करून टाकतो. सगळं शहर उपाशी आणि हा एकटा बाजार मांडून मजेत खातोय. एका प्रसंगात व्यापारबंदीने भुकेला झालेला मेगारा गावचा माणूस येतो आणि आपल्या दोन पोरींना डुकराची पिल्लं म्हणून विकतो. लोक पोट धरून हसले असतील, पण तो विनोद भुकेवर होता, आणि ती भूक खरी होती.

याच नाटकात तो शेतकरी खाटकाच्या ठोकळ्यावर मान ठेवून भाषण करतो आणि मध्येच गेल्या वर्षी क्लिऑनने काय केलं याचा हिशोब मांडतो. हा लेनाया उत्सव आहे, इथे परदेशी कुणी नाही, आता बदनामीचा आरोप करता येणार नाही, असंही तो ऐकवतो. म्हणजे केस झाली, पण पठ्ठ्याने तिचाच जोक केला. नाटकाला पहिला नंबर मिळाला.

त्याच वर्षी क्लिऑनचं नशीब फळफळलं. पायलॉसजवळच्या एका बेटावर स्पार्टाचे सैनिक अडकले होते. क्लिऑन तिथे गेला आणि त्यांना जिवंत कैद करून घेऊन आला. त्यात साधारण १२० अस्सल स्पार्टन होते. स्पार्टाचे लोक शरण येतात, ही गोष्ट ग्रीसमध्ये कुणी ऐकली नव्हती. क्लिऑन हिरो झाला. सरकारी खर्चाने जेवण आणि नाट्यगृहात पहिल्या रांगेची जागा, असे मान त्याला मिळाले.

आणि नेमक्या या वेळी ॲरिस्टोफेनिसने 'नाईट्स' म्हणजे घोडेस्वार हे नाटक आणलं. सुरुवातीला सांगितलेलं नाटक ते हेच. पहिल्यांदाच त्याने ते स्वतःच्या नावावर बसवलं.

नाटकात डेमॉस नावाचा एक बहिरट, चिडका म्हातारा आहे. डेमॉस या शब्दाचा अर्थच जनता. त्याच्या घरात एक नवा नोकर शिरतो, मालकाची हांजी हांजी करतो आणि बाकीच्या नोकरांनी केलेल्या कामाचं श्रेय लाटतो. त्याला हरवायला कोण सापडतं, तर रस्त्यावर सॉसेज विकणारा एक निर्लज्ज माणूस. जो जास्त खोटं बोलेल, जास्त फुशारकी मारेल आणि म्हाताऱ्याला जास्त खाऊ घालेल, तो जिंकेल अशी स्पर्धा लागते. सॉसेजवाला जिंकतो.

क्लिऑनसारखा दिसणारा मुखवटा बनवायला कारागीर घाबरले, असं नाटकातच सांगितलं आहे. मग ॲरिस्टोफेनिसने स्वतःच तोंड रंगवून ती भूमिका केली, अशी दंतकथा पुढे पसरली. अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण त्या पोराच्या धाडसाची चर्चा किती झाली असेल याचा अंदाज त्यातून येतो.

नाटकाला पहिला नंबर मिळाला. प्रेक्षक खूश, परीक्षक खूश.

आणि त्यानंतर काही आठवड्यांतच याच प्रेक्षकांनी क्लिऑनला मतं देऊन सेनापती म्हणून निवडून दिलं.

हसायचं तेव्हा लोक हसले, मत द्यायचं तेव्हा त्यांनी त्यालाच दिलं. ॲरिस्टोफेनिसला याचा राग इतका आला की पुढच्या नाटकात त्याने या निवडणुकीवरून प्रेक्षकांना टोमणे मारले.

क्लिऑनने त्याला पुन्हा एकदा गाठलं. नेमकं काय घडलं ते 'वास्प्स' म्हणजे गांधीलमाशा या इ.स.पू. ४२२ च्या नाटकात सूचकपणे येतं. आपली कातडी सोलली जात असताना लोक बाहेर उभं राहून हसत होते, कुणाला आपली काळजी नव्हती, चेपल्यावर याच्या तोंडून एखादा नवा जोक निघतो का एवढंच ते बघत होते, अशी ती तक्रार आहे. विनोद करणाऱ्याच्या वाट्याला येणारा एकटेपणा इतक्या आधी कुणी क्वचितच सांगितला असेल.

मधल्या काळात त्याला आणखी एक धडा मिळाला होता. 'नाईट्स'मध्ये त्याने क्रॅटिनस या जुन्या, नावाजलेल्या विनोदी नाटककाराची कीव केली होती. म्हातारा झाला, दारूत बुडाला, आता याला घरी बसवा, असा सूर होता. क्रॅटिनसने काय केलं? पुढच्याच वर्षी त्याने 'दारूची सुरई' नावाचं नाटक लिहिलं. त्यात नायक तो स्वतः, त्याची बायको म्हणजे विनोदी नाट्यकला आणि नवरा दारूच्या नादी लागला म्हणून ती घटस्फोट मागतेय. स्वतःवरच जोक करून म्हाताऱ्याने पहिला नंबर मारला.

आणि त्या स्पर्धेत शेवटचा, म्हणजे तिसरा नंबर कुणाचा आला? ॲरिस्टोफेनिसचा. ते नाटक होतं 'क्लाउड्स', म्हणजे ढग. साल इ.स.पू. ४२३.

हे पडलेलं नाटकच पुढे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जड प्रकरण ठरलं.

'क्लाउड्स'मध्ये एक कर्जबाजारी म्हातारा आहे. पोराला घोड्यांचा शौक, त्यामुळे डोक्यावर कर्ज. सावकारांना कोर्टात गंडवता यावं म्हणून तो एका विचित्र शाळेत जातो. तिथे पिसवी किती लांब उडी मारते याचं माप काढलं जातं. शाळेचा गुरू टोपलीत बसून हवेत लटकतोय. तो जुन्या देवांना मानत नाही, ढगांची पूजा करतो. खोट्याचं खरं करायची विद्या तिथे शिकवली जाते. पोरगा ती शिकतो आणि सरळ बापाला मारहाण करतो, वर ते कसं योग्य आहे हेही पटवून देतो. शेवटी म्हातारा शाळेला आग लावतो.

त्या गुरूचं नाव होतं सॉक्रेटिस.

खरा सॉक्रेटिस असा नव्हता. त्याची कुठली शाळा नव्हती, तो फी घेत नव्हता. बाजारात, व्यायामशाळेत लोकांना गाठून तो प्रश्न विचारायचा. पण पैसे घेऊन वादविवाद शिकवणारे सोफिस्ट नावाचे शिक्षक त्या काळात गाजत होते, आणि सॉक्रेटिसचा चेहरा शहरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बसकं नाक, बाहेर आलेले डोळे, पायात चप्पल नाही. कार्टून काढायला याहून सोपा माणूस मिळाला नसता. ॲरिस्टोफेनिसने सगळ्या सोफिस्टांचं गाठोडं बांधून त्याच्या डोक्यावर ठेवलं.

नाटक पडलं याचं त्याला फार वाईट वाटलं. काही वर्षांनी त्याने ते सुधारून लिहिलं, पण ते रंगमंचावर आलं नाही. आज आपण वाचतो ती हीच सुधारलेली प्रत.

इकडे युद्ध चालूच होतं. इ.स.पू. ४२२ मध्ये ॲम्फिपोलिसच्या लढाईत क्लिऑन मारला गेला. त्याच लढाईत स्पार्टाचा सेनापती ब्रासिडासही पडला. पुढच्या वसंतात ॲरिस्टोफेनिसने 'पीस' हे शांततेवरचं नाटक आणलं. एक शेतकरी शेणकिड्यावर बसून स्वर्गात जातो. तिथे युद्धाचा राक्षस ग्रीसमधली शहरं खलात कुटायला बसलाय, पण त्याचे दोन्ही बत्ते हरवलेत. ते बत्ते म्हणजे हे दोन मेलेले सेनापती. मग सगळे शेतकरी मिळून गुहेत गाडलेल्या शांतिदेवीला दोर लावून बाहेर ओढतात. हे नाटक झालं आणि काही दिवसांतच अथेन्स आणि स्पार्टामध्ये खरोखर तह झाला.

तह टिकला नाही. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने सिसिलीवर मोठी मोहीम काढली आणि दोन वर्षांत तिथे आरमार आणि सैन्य दोन्ही गमावलं. घरोघरी बाया विधवा झाल्या. इ.स.पू. ४११ मध्ये ॲरिस्टोफेनिसने 'लिसिस्ट्राटा' लिहिलं. यात दोन्हीकडच्या बायका एकत्र येतात, युद्ध थांबेपर्यंत नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचं नाही अशी शपथ घेतात आणि ॲक्रोपोलिसवरचा खजिना ताब्यात घेतात, म्हणजे युद्धाला पैसाच मिळणार नाही. नाटक कमालीचं चावट आहे. पण त्यात एक क्षण असा येतो की बायका पोरं जन्माला घालून लढाईवर पाठवतात, हा विषय निघतो आणि हसणं थांबतं.

इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्स शेवटच्या घटका मोजत होतं. तेव्हा आलं 'फ्रॉग्स', म्हणजे बेडूक. चांगले कवी मेले म्हणून डायोनिसस देव पाताळात जातो आणि तिथे एस्किलस आणि युरिपिडिस या दोन दिवंगत नाटककारांची जुगलबंदी लागते. या नाटकात कोरस प्रेक्षकांना कळकळीने सांगतो की ज्या नागरिकांचे हक्क काढून घेतलेत त्यांना परत घ्या, आता भांडायची वेळ नाही. पहिला नंबर तर मिळालाच, पण या सल्ल्यासाठी नाटकाचा पुन्हा प्रयोग करायचा दुर्मीळ मान त्याला देण्यात आला. त्याच वर्षी आरमार बुडाल्यावर शहराने तसा ठरावही केला. पण उशीर झाला होता. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण आलं, तटबंदी पाडली गेली.

हरलेलं शहर दोषी शोधत असतं. इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला झाला. शहराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, हे आरोप.

ओळखीचे वाटले ना? 'क्लाउड्स'मधला गुरू हेच करत होता.

सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याने या खटल्यातलं गुरूचं भाषण लिहून ठेवलं आहे. त्यानुसार सॉक्रेटिसने सांगितलं की समोर उभ्या फिर्यादींपेक्षा जुन्या फिर्यादींची भीती जास्त आहे. ज्यांनी ज्युरी लहान असल्यापासून त्यांच्या कानात भलतंसलतं भरलं, ते हे जुने फिर्यादी. आणि त्याने हवेत लटकणाऱ्या सॉक्रेटिसच्या त्या नाटकाचा उल्लेख केला, ॲरिस्टोफेनिसचं नाव घेऊन.

सॉक्रेटिस फक्त एका नाटकामुळे मेला, असं म्हणणं चूक ठरेल. त्याच्याभोवती वावरलेले क्रिटियास आणि अल्किबियाडिस यांच्यावर शहराचा राग होता, पराभवाची चीड होती. पण २४ वर्षांपूर्वी पडलेल्या नाटकातलं ते चित्र लोकांच्या डोक्यातून गेलं नव्हतं, हे मात्र खरं. क्लिऑनवर नेम धरून मारलेला दगड क्लिऑनला लागला नाही, कारण लोकांसमोर रोज उभं राहायला त्याच्याकडे सभा होती, विजय होते, पैसा होता. सॉक्रेटिसकडे यातलं काहीच नव्हतं. जोक तोच, लिहिणारा तोच, फरक समोरच्याच्या ताकदीत होता.

यावर ॲरिस्टोफेनिसने काही लिहिल्याचं कुठे सापडत नाही. पण त्याची नंतरची नाटकं वेगळी आहेत. नावं घेऊन फाडणं कमी झालं, कोरस छोटा झाला. इ.स.पू. ३८८ च्या 'वेल्थ'मध्ये धनाचा देव आंधळा आहे, म्हणून पैसा नेहमी चुकीच्या घरात जातो, अशी साधी गोष्ट आहे. शेवटची दोन नाटकं त्याने मुलाच्या, अरारोसच्या हाती दिली. इ.स.पू. ३८६ च्या आसपास तो गेला.

त्याने सुमारे ४० नाटकं लिहिली. त्यातली ११ पूर्ण टिकली, आणि त्यांची धार अजून गेलेली नाही. १९५९ मध्ये दिग्दर्शक कारोलोस कून याने अथेन्समध्येच त्याचं 'बर्ड्स' हे नाटक केलं, तर पहिल्या प्रयोगानंतर सरकारने पुढचे प्रयोग बंद पाडले. २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर ५० हून जास्त देशांत एकाच दिवशी लोकांनी 'लिसिस्ट्राटा'चं वाचन केलं. युद्ध थांबलं नाही. पण युद्धाच्या विरोधात काय वाचावं, असा प्रश्न आला तेव्हा लोकांना हाच माणूस आठवला.

राहिला प्रश्न प्लेटोचा. गुरूच्या मरणात ज्या नाटकाचा वाटा होता, ते लिहिणाऱ्यावर त्याने सूड उगवला असता तर कुणी दोष दिला नसता. पण सॉक्रेटिस जाऊन बरीच वर्षं झाल्यावर त्याने 'सिंपोझियम' लिहिलं, त्यात एका मेजवानीची गोष्ट आहे. ॲरिस्टोफेनिसला तिथे उचकी लागते आणि मग तो प्रेमावर त्या रात्रीची सगळ्यात लक्षात राहणारी कथा सांगतो. रात्र सरते, बाकीचे झोपतात किंवा निघून जातात. पहाटे फक्त तिघं जागे असतात, यजमान अगाथॉन, सॉक्रेटिस आणि ॲरिस्टोफेनिस. एकाच मोठ्या वाडग्यातून दारू पीत बसलेले. हसवणारं आणि रडवणारं नाटक एकाच माणसाला लिहिता आलं पाहिजे, हे सॉक्रेटिस त्यांना पटवून देत असतो.

ऐकता ऐकता ॲरिस्टोफेनिसचे डोळे मिटतात. थोड्या वेळाने अगाथॉनही झोपतो. सॉक्रेटिस दोघांना नीट झोपवतो, उठतो आणि नेहमीसारखा अंघोळीला निघून जातो.